आप्पा जेवत नाहीत

सावळीराम पगारे, म्हणजे इंदिरानगरातल्या कॉलनीचे आप्पा, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. ते निवृत्त झाले, पण बॉयलर काही त्यांच्या बोलण्यातून निवृत्त झाला नाही. घरात कुकरची शिटी झाली की ते पेपर बाजूला ठेवून "सेफ्टी व्हॉल्व्ह बरोबर उडतोय" असं प्रमाणपत्र देत आणि पुन्हा पेपर उचलत. त्यांचा साधा हिशेब होता, की ज्या माणसाने एवढा डोंगराएवढा बॉयलर सांभाळला तो जगातलं काहीही सांभाळू शकतो.

मागच्या वर्षी त्यांचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी शौचाचा खालचा रस्ता कायमचा बंद केला, पोटावर डाव्या बाजूला आतड्याचं नवं तोंड काढलं आणि त्यावर पिशवी बसवली. शुद्धीवर आल्यावर आप्पांनी त्या पिशवीकडे नीट पाहिलं आणि बायकोला सांगितलं, "चांगुणा, घाबरू नको. बॉयलरच्या तळाचा गाळ काढायला आम्ही अशीच वेगळी लाईन काढायचो. मी सांभाळतो."

चांगुणाबाई हो म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्या बॉयलरला हो म्हणत आल्या होत्या.

आता सांभाळायचं म्हणजे काय, तर कोणाला कळू द्यायचं नाही. डॉक्टर म्हणाले होते, आजार गेलाय, आता चांगलं जगा. आप्पांनी त्यातलं जगणं पुढे ढकललं आणि लपवणं हाती घेतलं. कॉलनीत सांगितलं हर्निया. विहारात सांगितलं हर्निया. एकलहऱ्याच्या एका जुन्या सोबत्याने सहज विचारलं, "कुठल्या बाजूचा रे?" तर आप्पांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. खरी गोष्ट फक्त चांगुणाबाईंना आणि मुलगी अंजलीला माहीत होती, आणि दोघींना त्यांनी स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती.

हॉस्पिटलातल्या सिस्टरने बिचारीने फार समजावलं. अशा पिशवीवाल्या पेशंटांची तिथे दर महिन्याला बैठक भरते. चहा असतो, गप्पा असतात, कोण काय खातो, प्रवासात काय करतो, हे लोक एकमेकांना सांगतात. नव्या माणसाला एक जुना माणूस जोडून देतात, मग अडलं की त्याला फोन करायचा.

"या ना आप्पा एकदा, बरं वाटेल," सिस्टर म्हणाली.

"येऊन काय करायचं? एकमेकांच्या पिशव्यांचं प्रदर्शन बघायचं?" आप्पा म्हणाले, आणि गेले नाहीत.

त्याऐवजी त्यांनी स्वतःची एक पद्धत शोधून काढली. बाहेर जायचं असेल तर आदल्या संध्याकाळपासून अन्न बंद. भट्टीत कोळसाच टाकला नाही तर राख पडेल कुठून? या युक्तिवादात कुठेच फट नव्हती. अडचण एवढीच होती की आपल्याकडे माणसं दुसऱ्यांच्या घरी जातात ती बहुतेक वेळा जेवायलाच.

त्यात अंजलीचं लग्न निघालं.

अंजलीचं सनी भालेरावशी कॉलेजात असल्यापासून जमलेलं होतं. दोघांनी आपापल्या घरी कळवून, रुसून, मनवून झालं होतं. दोन्ही घरं राजी होती. राहिलं होतं ते मुलीच्या बापाने मुलाचं घर बघायला जाणं, आणि तुम्हाला वाटेल त्यात काय मोठंसं. पण त्या घर बघण्याची एक न लिहिलेली भाषा आहे. मुलीच्या बापाने पाणी घेतलं तर विचार चालू आहे. चहा घेतला तर बोलणी पुढे गेली. पोटभर जेवला तर होकार, आणि ताटाला हातच लावला नाही तर नकार. तोंडाने कोणी काही बोलत नाही. सगळा व्यवहार ताटावर.

सनीचे वडील भालेराव सर नाशिकरोडला राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे आणि मानपानाच्या बाबतीत फार हळवे. एका सोयऱ्याच्या लग्नपत्रिकेत त्यांचं नाव चुलतभावाच्या खाली छापलं गेलं होतं, तर त्यांनी त्या घरचं पाणी सोडलं होतं. अशा माणसाच्या घरी आप्पा आदल्या संध्याकाळपासून उपाशी राहून घर बघायला गेले. सोबत चांगुणाबाई आणि त्यांचा भाऊ नवनाथ.

या नवनाथमामाचा धंदा प्लॉटच्या दलालीचा. त्याच्या धंद्यात जो गप्प बसतो तो भाव पाडत असतो. जगातल्या कुठल्याही शांततेकडे तो याच नजरेने बघायचा. आप्पांच्या पिशवीबद्दल त्याला काहीएक माहीत नव्हतं.

भालेरावांकडे काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीच्या गरम भाकरी आणि श्रीखंड असा बेत होता. घर दाखवून झालं. "घरात आम्ही तिघंच," सर म्हणाले. "आई गावाकडे असते. तिला शहर मानवत नाही." मग सरांच्या पत्नी मालनबाईंनी ताट आप्पांसमोर ठेवलं. आप्पांनी ते दोन्ही हातांनी नम्रपणे पुढे सरकवलं.

"मला नको. तुम्ही घ्या."

"असं कसं? थोडं तरी," मालनबाई म्हणाल्या.

"खरंच नको. अजिबात भूक नाही."

आणि नेमक्या याच वेळी आप्पांचं पोट बोललं. पिशवीवाल्या माणसाला हा आवाज आवरता येत नाही. तो येतो तेव्हा येतो. आप्पांच्या सदऱ्याखालून तो आधी बारीक निघाला, मग चढत गेला आणि शेवटी दाराची बिजागरी करकरावी तसा लांबला. घरात चमचासुद्धा वाजेना.

"पोटात कावळे ओरडताहेत पगारेसाहेब," सर हळूच म्हणाले, "आणि तुम्ही भूक नाही म्हणता?"

आप्पा खोकले. पोट पुन्हा बोललं. आप्पा पुन्हा खोकले. शेवटी ते उठले आणि बाथरूम कुठे आहे म्हणून विचारलं.

तिथे पाहतात तर सदरा अडकवायला खुंटी नाही, कडी अर्धवट लागते, नळाला जोर नाही आणि बसायचं ते खाली उकिडवं. आप्पांनी एका हाताने दार धरलं, सदरा दातांत धरला आणि दुसऱ्या हाताने पिशवीतली हवा सोडली. या कसरतीत बराच वेळ गेला. घामाघूम होऊन बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. भालेराव सरांनी तो चेहरा पाहिला. त्यांनी एकदा आप्पांकडे पाहिलं आणि एकदा बाथरूमच्या दाराकडे.

ताटं तशीच उचलली गेली.

दुसऱ्याच दिवशी सरांचा नवनाथमामाला फोन आला. "खरं सांगा, पगारेसाहेबांना काय खुपलं?"

मामाला काहीच माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणणं दलालीच्या धंद्यात बसत नाही. "सर, आमचे दाजी बोलत नसतात, बघत असतात," तो म्हणाला. "तुमच्या बाथरूममध्ये किती वेळ होते? मग समजून घ्या ना."

सरांनी समजून घेतलं. रागाने त्यांचे कान तापले, पण एकुलता एक मुलगा समोर तोंड पाडून बसलेला. आठवडाभरात भालेरावांच्या घरात गवंडी आला. जुनी फरशी उखडली, भिंतींना टाइल्स लागल्या. कमोड आला, हातात धरायची पाण्याची नळी आली, स्टीलच्या खुंट्या आल्या, पितळी कडी आली. लग्न ठरण्याआधी मुलाच्या घरी रंगरंगोटी होते हे आपण पाहिलेलं आहे. पण होणाऱ्या व्याह्याच्या पसंतीसाठी आख्खा संडास नवा बांधल्याचं उदाहरण नाशिक जिल्ह्यात दुसरं सापडायचं नाही.

मग निरोप आला. रविवारी या, बघा, आणि जेवूनच जा. खाली आणखी एक वाक्य होतं: या वेळीही जेवला नाहीत, तर आम्ही जे समजायचं ते समजू.

निरोप वाचून अंजलीने बापासमोर मोबाइल धरला. "पप्पा, आता तरी सांगून टाका."

"काय सांगू?"

"जे आहे ते. की ऑपरेशन झालंय, पिशवी आहे, म्हणून बाहेर खात नाही. तुमच्या शपथेपायी मी सनीलासुद्धा बोलले नाहीये. तो मला विचारतो, तुझ्या पप्पांना माझ्यात काय कमी दिसतं. मी काय उत्तर देऊ?"

"कॅन्सरच्या घरची पोर म्हणतील तुला," आप्पा म्हणाले. "आज नाही म्हणणार. उद्या भांडण झालं की म्हणतील."

"आणि लग्नच मोडलं तर काय म्हणतील?"

अंजली आत निघून गेली. खरं म्हणजे तिला सांगितलेलं कारण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं असं, की आप्पांना लाज वाटायची. चारचौघांत बसलं की आपण माणसांत नाही, आपल्याला कोणी चुकून आत घेतलंय, असं त्यांना सारखं वाटायचं. हे त्यांनी चांगुणाबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं. पिशवी बदलताना ते बायकोलासुद्धा खोलीबाहेर काढायचे.

पण पोरीचं लग्न मोडू द्यायचं नाही, हेही पक्कं होतं. तेव्हा या खेपेला जेवायचं, असं त्यांनी ठरवलं. दोन घास खायचे, पण आवाज आणि फुगवटा यांचा कडेकोट बंदोबस्त करून. त्यांनी पिशवीवरून पोटाला रुंद पट्टा बांधला. त्यावर इलॅस्टिकचं बँडेज गुंडाळलं, वर बनियन, वर सदरा, वर जाकीट. आरशात पाहिलं तर पोट सपाट होतं आणि श्वास जेमतेम येत होता. शिवाय खबरदारी म्हणून आदल्या दिवसापासून उपास होताच.

"अहो, एवढं आवळू नका," चांगुणाबाई म्हणाल्या.

"जॉइंट जितका टाइट तितकी गळती कमी," आप्पा म्हणाले आणि रिक्षात बसले.

भालेरावांकडे या वेळी सरांचे दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि शेजारचं एक जोडपंही होतं. साक्षीदार म्हणून बोलावले असणार. चांगुणाबाईंनी सगळ्यांना जय भीम घातला. सर हसले नाहीत. "आधी बघून घ्या," ते म्हणाले, "मग पुढचं."

आणि ती सगळी मंडळी आप्पांना मध्ये घेऊन बोळातून संडास बघायला निघाली. पुढे सर, मागे आप्पा, त्यांच्या मागे मामा, मग साक्षीदार. वाजंत्री तेवढी नव्हती.

"सनी, पाणी सोडून दाखव," सरांनी हुकूम केला. होणाऱ्या जावयाने मान खाली घालून बटण दाबलं. पाणी खळाळून गेलं. शेजारच्या बाई "छान आहे हो" म्हणाल्या. सर शिकवायच्या आवाजात सांगू लागले, "ही दोन बटणं का आहेत, तर लहान बटणाने कमी पाणी येतं..."

इथे आप्पांना पट्ट्याखाली काहीतरी कोमट पसरल्यासारखं वाटलं.

आधी त्यांना घाम वाटला. मग तो कोमटपणा कमरेच्या दिशेने सरकला, आणि एकलहऱ्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला जे कळायचं ते कळलं. जॉइंट सुटला होता.

"मला जरा... मी आत जाऊन बघू का?" ते म्हणाले. "एकटाच."

"बघा की, संकोच कसला," सर म्हणाले, पण जागचे हलले नाहीत. नवनाथमामा तर आधीच आत शिरला होता. त्याने पाण्याची नळी हातात घेतली, "प्रेशर बघू" म्हणाला आणि खटका दाबला. पाणी त्याच्या तोंडावर, मग भालेराव सरांच्या इस्त्रीवर आणि मग शेजारच्या बाईंच्या साडीवर गेलं. एकच गोंधळ उडाला. कोणी टॉवेल मागतंय, कोणी नळ शोधतंय, आणि संडासाच्या दारात माणसांची मोळी अडकलेली. आणखी थोड्या वेळाने वास सुटणार आणि सगळ्यांना कळणार. आप्पांनी मागे पाहिलं. बोळाच्या टोकाला एक दार किलकिलं होतं. ते त्या दारातून आत घुसले आणि पाठीने दार लावून घेतलं.

अडगळीची खोली होती. गव्हाची कोठी, गाद्यांची चळत, जुना कूलर. आणि या सगळ्याच्या पलीकडे एका खाटेवर एक म्हातारी बसली होती.

"माफ करा, चुकून आलो," आप्पा म्हणाले.

म्हातारीने मान वर करून एकदा हवा हुंगली. "गळती लागली काय?"

आप्पांनी जाकीट पोटावर ओढून धरलं. "नाही हो आजी. माझं हर्नियाचं..."

म्हातारीने शांतपणे लुगड्याचा पदर बाजूला केला आणि चोळीखाली पोटावर चिकटवलेली पिशवी दाखवली. अगदी तशीच.

"माझाबी हर्नियाच हाय," ती म्हणाली. "कडी घाला आधी. आन् शर्ट वर करा."

ती लंकाबाई होती. भालेराव सरांची गावाकडे असलेली आई.

आप्पांनी कडी घातली. जाकीट, सदरा, बनियन, बँडेज असं एकेक उतरवत गेले. पट्टा दिसला तेव्हा लंकाबाई थांबली. "ह्यो आवळायला कुनी सांगितला?"

"कोणी नाही. मीच."

"पिशवीला खाली लोंबायला जागा लागती. तुमी ती दाबून धरली तर ते जाईल कुटं? कडंनं भायेर यील, दुसरं काय." तिने खाटेखालून पत्र्याचा डबा ओढला. त्यात तिच्या पिशव्या, पोटाला चिकटवायच्या चकत्या, कापूस आणि छोटी कात्री होती. तिने आप्पांकडे एकदा पाहून चकतीला अंदाजाने भोक कापलं. तांब्यातलं पाणी घेऊन त्यांना आधी पुसून घ्यायला लावलं, कातडी कोरडी करायला लावली, आणि चकती लावल्यावर त्यावर तळहात धरून बसायला सांगितलं. "ऊब लागली म्हंजे धरती."

आप्पा तळहात धरून गाद्यांच्या चळतीवर बसले. सिस्टर सोडली तर आजवर त्यांनी कोणालाही पोट दाखवलं नव्हतं, आणि ही परकी म्हातारी त्यांच्याकडे भाजी निवडल्यासारखी बघत होती. त्यांना एकदम रडू आलं. लंकाबाईने तिकडे लक्ष दिलं नाही.

"जेवून आलात?"

"कालपासून काही खाल्लं नाही."

"म्हून वरडतंय ते. रिकाम्या पोटात वारा धरतो. उपाशी ऱ्हाऊ नका. थोडं थोडं खात जावा. भात, केळं, दही. कोबी जरा जपून."

"हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"सिस्टरनं. आन् ती बैठक आस्ती बगा दवाखान्यात, तिथली एक बाई दर आठवड्याला फोन करती मला. लय ग्वाड बोलती. मला काय तिथं कुनी नेत नाय. तुमी जात आसाल की?"

आप्पांनी गव्हाच्या कोठीकडे पाहिलं. "जातो," ते म्हणाले. खोटं बोलायची सवय लागली की ती अशी एकदम सुटत नाही.

"मंग त्या बाईला सांगा, लंकाबाई बरी हाय म्हनाव."

"सांगतो," आप्पा म्हणाले. मग न राहवून त्यांनी विचारलं, "पण सर तर म्हणाले तुम्ही गावी असता."

"आसते की. पाव्हणं आलं का मी गावाला आसते." लंकाबाईने डबा बंद केला. "आवाज होतो, वास येतो, लोकांफुडं बरं दिसत नाय. त्यांचं बी खरंच हाय. पर तुमचं उपकार झालं बरं का पाव्हणं. दोन वरीस झालं, मी म्हनतीया एक खुंटी ठोका, नळी बसवा, मला खाली बसवत नाय. आज करू, उद्या करू. तुमी एक डाव जेवला नाय, तर फरशीसकट नवं झालं."

आप्पांनी चकतीवरचा तळहात बदलला.

"मी दोन वरीस पंगतीत नाय," ती म्हणाली. "म्हातारी का जेवंना, असं कुनी इचारलं नाय."

भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं, तेवढ्याच आवाजात ती हे बोलली.

बाहेर आता पाण्याचा गोंधळ संपून दुसरा सुरू झाला होता. आप्पा घरात नाहीत हे मंडळींच्या लक्षात आलं होतं. आप्पा मागच्या दाराने निघून गेले, असा निष्कर्ष निघाला होता. "संडास बघितला आणि न बोलता गेले," सरांचा आवाज चढला होता. "पुन्हा न जेवता. हा अपमान सहन करायचा मी?"

"सर, दाजींचा स्वभाव तसा," मामा म्हणत होता. "अजून थोडं ताणलं की नरम येतील. तुम्ही बाल्कनीचंही बघा."

"आता काही बघायचं नाही. सनी, त्या मुलीला फोन कर. सांग, आमच्याकडून संपलं."

"अहो, ऐका तरी," असा चांगुणाबाईंचा रडवेला आवाज आला, आणि आप्पा उठले. सदऱ्याची बटणं वरखाली लागली, बँडेजचं टोक पँटच्या खिशातून लोंबत राहिलं. ते बोळातून बैठकीच्या खोलीत आले आणि आयुष्यात पहिल्यांदा बॉयलरचं नाव न काढता बोलले.

"सर, मला कॅन्सर झाला होता. बरा झालोय. पण पोटावर पिशवी आहे आणि ती कायमची आहे. लाज वाटते म्हणून मी कुठे जेवत नाही. तुमच्या घरात खोट नाही, संडासात नाही, मटणात नाही. खोट असलीच तर माझ्यात आहे. माझी पोरगी चांगली आहे."

एवढं बोलून ते दाराला टेकले. चांगुणाबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. मामाचं तोंड उघडं पडलं. "म्हणजे हर्निया..." एवढंच त्याला बोलता आलं.

सरांच्या चेहऱ्यावरचा राग आधी गोंधळला, मग विरघळला. ते पुढे आले आणि त्यांनी आप्पांना मिठीच मारली, अर्थात पोटाची बाजू सांभाळून.

"अहो, एवढंच होतं होय? वेडे का खुळे तुम्ही? आमच्या आईलाही आहे की पिशवी. त्यात लाजायचं काय? आजार कोणाला होत नाही? माणसाने कसं मोकळं सांगावं, चारचौघांत बसावं, खावं, प्यावं."

साक्षीदारांनी माना डोलावल्या. सरांचे भाऊ म्हणाले, आजकाल हे फार कॉमन आहे. शेजारच्या बाईंचे डोळे पाणावले. सनी तर धावत बाहेर गेला, अंजलीला फोन करायला. आणि मालनबाईंनी पदर खोचून पानं मांडायला घेतली.

आप्पांना मधलं पान मिळालं, भोवती रांगोळी, पाठीला उशी. आणि काय सांगू, त्या घराला सगळं माहीत होतं. "त्यांना कोबी वाढू नको गं," मालनबाई जावेला म्हणाल्या, "आणि भात मऊ बघून घाल. दही आधी दे." पाणी कोमट आलं. सर शेजारी बसून स्वतः वाढत होते. आप्पांच्या पोटाने मध्येच एकदा आवाज केला, तर सगळी पंगत प्रेमाने हसली आणि सर म्हणाले, "करू द्या, करू द्या, आपलंच घर आहे."

पोरीचं लग्न वाचलं होतं. आप्पांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. वर्षभरात पहिल्यांदा ते चारचौघांत बसून, सैल पोटाने जेवत होते. तरी चौथ्या-पाचव्या घासाला त्यांचा हात थांबला.

"आजी नाही बसल्या?" त्यांनी विचारलं.

"आई?" सर म्हणाले. त्यांनी हे किती स्वाभाविकपणे म्हटलं, ते ऐकायला हवं होतं. "तिला तिथंच बरं वाटतं. चारचौघांत बसायला लाजते ती. नंतर देतो ना तिचं तिला."

आप्पांना हे उत्तर पटलं. पटायला नको होतं, त्यांना तर मुळीच नको होतं. पण व्याही आजच नरम आले होते, फोनवर पोरगी रडत हसत होती, आणि कालपासूनच्या भुकेपुढे पोळी गरम होती. ते जेवू लागले. आग्रह झाला, आणखी आग्रह झाला. नको नको म्हणत त्यांनी सगळ्यांचं मन राखलं. नवनाथमामा हात धुताना म्हणाला, "बघा सर, मी म्हणालो होतो ना, दाजी नरम येतील."

साखरपुड्याची तारीख निघाली. निघताना चपला घालायच्या आधी आप्पांना राहवलं नाही, ते बोळात गेले आणि ते दार त्यांनी ढकललं. लंकाबाई खाटेवर तशीच बसली होती.

"येतो आजी."

"या. जेवलात का?"

"जेवलो."

"पोटभर?"

"हो."

"बरं झालं. पिशवी नीट हाय ना? झालं तर मंग." मग जरा पुढे सरकून तिने हळूच विचारलं, "काय काय हुतं?"

आप्पांनी दाराची चौकट धरली आणि सांगायला सुरुवात केली. भात होता. वरण होतं. बटाट्याची भाजी, दही, पोळी चांगली मऊ होती. गुलाबजामाचं मात्र त्यांनी सांगितलं नाही. पातेल्यातले शेवटचे दोन सरांनी आग्रह करून त्यांच्याच पानात वाढले होते.